पेटीचा नवस

मी सातवीपर्यंतच शिकले, लिहायची सवय नाही, चुकलं तर पोटात घाला. मला पेटी शिकवणाऱ्या काकू म्हणाल्या, जशी बोलतेस तशीच लिही, म्हणून लिहिते. त्या थंडीत आमची पिंकी, तीन वर्षांची, न्यूमोनियानं आजारी पडली. दिल्लीची ती धुरकट हवा, हे ड्यूटीवर बॉर्डरला, आणि मी एकटी तिला घेऊन हॉस्पिटलात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. मला घाबरलं की दम लागतो, लहानपणापासूनचंच आहे, तर तिच्याकडे बघून माझाही श्वास कोंडला. मी हात जोडले आणि तोंडातून काय निघालं, तर "बाप्पा, हिला बरी कर, तुझ्या आरतीला मी माझ्या बोटांनी पेटी वाजवीन!" पेटी! का म्हणाले ते आजपर्यंत कळलेलं नाही. गावच्या देवळात लांबून बघितलेली, हात कधी लावला नव्हता.

पिंकी बरी झाली, घरी आली, आणि माझी खरी धडधड तेव्हा सुरू झाली. सासूबाई फोनवर ओरडल्या, "अगं बये, नारळ बोलायचा होतास की! पेटी काय बोलतेस?" हे सुट्टीवर आले तर हसून हसून लोळले, म्हणाले, "नशीब, घोड्यावरून येईन नाही बोललीस." मला मात्र हसू येत नव्हतं. पोरगी नुसती शिंकली तरी मी तिच्या छातीला कान लावायचे. बोललेला नवस राहिला आणि तिला परत काही झालं तर?

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक काकू राहतात, मराठी बायकांच्या भजनात पेटी वाजवतात. हे ड्यूटीवर परत गेल्यावर मी कॅन्टोन्मेंटमधल्या आमच्या घरून पिंकीला कडेवर घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं, चहा दिला आणि आपली जुनी पेटी शिकायला दिली. माझ्या काही सूर लक्षात राहीनात, मग मी पट्ट्यांवर टिकल्या चिकटवल्या. सा ला लाल, प ला हिरवी, असं करत करत आठ टिकल्या. दुपारी पिंकी झोपली की बसायचे. एका हातानं भाता, दुसऱ्या हातानं पट्ट्या, दोन्ही एकदम जमायचंच नाही. शेजारची भाभी खिडकीतून म्हणायची, "भाभीजी, ट्रक का हॉर्न ठीक हो गया क्या?" पण भादव्यापर्यंत आरतीची चाल बसली, म्हणजे टिकल्या बघून बसली.

गणपतीत तिसऱ्या दिवशीची संध्याकाळची आरती माझी ठरली. काकूंच्या कॉलनीच्या मांडवात पेटी ठेवली, पिंकीला तिच्याजवळ बसवलं आणि निरांजन लावायला दोन मिनिटं उठले. परत येते तर काय! लाल टिकली नाकावर, हिरवी गालावर, बाकीच्या कपाळभर. "मम्मी देखो, मी दुल्हन!" पट्ट्या कोऱ्या करकरीत. माणसं उभी राहिलेली, टाळ सुरू झालेले. मी भाता नुसता सायकलच्या पंपासारखा मारत सुटले, पेटी भॅं करून ओरडली, काही लोक हसले, आणि मला दम लागला. मनात एकच, गेला नवस, माझ्या पोरीचं आता कसं होणार.

तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी सरदारनी उठली. पांढरी चुन्नी, हातात कडं. सरळ पेटीच्या पलीकडे माझ्यासमोर बसली आणि माझा हात भात्यावरून अलगद बाजूला केला. "पुत्तर, पहले साँस ले. हवा मैं देती हूँ, तू बस उंगली चला." असा संथ भाता ओढायला लागली, जसं झोपलेल्या लेकराचं पोट वरखाली होतं. मी डोळे मिटले, नाहीतरी बघायला टिकल्या कुठे होत्या! आणि बोटं आपली चालायला लागली. कशी, ते मला सांगता येत नाही. दोनदा चुकले, बाप्पानं सांभाळून घेतलं, शेवटपर्यंत वाजवली. पिंकी टिकल्यांसकट टाळ्या पिटत होती.

प्रसाद देताना मी घाबरत घाबरत विचारलं, "माँजी, मन्नत थी कि मैं बजाऊँगी. हवा तो आपने दी. आधी रह गई क्या?"

"मन्नत में हवा भी बोली थी?"

"नहीं, उंगली बोली थी."

"तो बस! हवा देना तेरा काम थोड़ी है." असं म्हणून हसली, एक मोदक खाल्ला, एक चुन्नीला बांधला आणि गर्दीतून निघून गेली. नंतर काकूंनी सगळ्यांना विचारलं, पण तिला कोणी ओळखत नव्हतं. हे मात्र फोनवर चिडवतात, "तुझा बाप्पा पंजाबी बोलतो वाटतं."

त्या रात्री पिंकीला कुशीत घेऊन तिचा श्वास ऐकत पडले होते. वाटलं, हॉस्पिटलात तरी तिच्या छातीत हवा मी कुठे भरत होते? मी तर नुसता हात धरून बसले होते. ज्याचं काम त्यानं केलं. एवढं समजायला मला आठ टिकल्या लागल्या, आणि त्याही माझ्या लेकीनंच काढल्या.

आता दर मंगळवारी काकूंकडे पेटी वाजवते, टिकल्यांशिवाय. पिंकी समोर बसून भाता ओढते. अजून घाबरते मी, पण घाबरले की आधी श्वास घेते, मग बोट ठेवते. आणि नवस बोलायची वेळ आलीच, तर नारळच बोलते.