बेसच्या पेटीचा सौदा

देऊळघाटच्या कार्यक्रमात मी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत बेस गिटार वाजवली आणि ती कोणालाही ऐकू गेली नाही. साउंडवाल्यानं माझी वायर मिक्सरला जोडलीच नव्हती. स्टेजवर ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन कीबोर्ड आणि कोरसचे माइक असा गलबला होता. आपला आवाज समोर पोहोचत असेल असं धरून मी मान डोलवत वाजवत राहिलो. खाली उतरल्यावर आमच्या मुख्य गायिकेनं विचारलं, "भाऊ, आज तुम्ही काऊन नाही वाजवलं?" तेव्हा मला कळलं.

मी साउंडवाल्याची कॉलर धरली. तो वयानं माझ्याहून बराच लहान. म्हणाला, "कायले तापून राह्यले? बेस तं आमच्या डब्यातच असते. तुमचं लावलं काय अन् नाही लावलं काय." लोकांनी आम्हाला सोडवलं. त्याच्या त्या वाक्यानं मात्र मला सोडलं नाही. आमच्याकडे बेस म्हटलं की डीजेचा तो मोठा काळा डबा, छातीत धक्का देणारा. बेस नावाचं एक वाद्य असतं, ते कोणी वाजवतं, त्यालाही सूर असतो, हे लोकांच्या गावीही नसतं.

आमची गायन पार्टी जयंतीच्या आणि विहाराच्या कार्यक्रमांत गाते. डीजेनं लोकांचे कान बदलले, तसा आम्हीही आवाज वाढवत नेला. आता जिल्ह्यात आमची ओळखच मोठ्या आवाजाची पार्टी अशी आहे. या सगळ्या आवाजावर आमच्या ज्या मुख्य गायिकेला गावं लागतं, ती दिवसभर अंगणवाडीत पोरांना सांभाळते. मी तिला ताई म्हणतो. बुलढाण्याच्या डॉक्टरनं तिला सांगून ठेवलं होतं, की ओरडून गायलीस तर गळा जाईल, पुन्हा मिळणार नाही. म्हणून देऊळघाटनंतर मी बेससाठी स्वतःची स्पीकरची पेटी घ्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त खूश झाली. तिचं म्हणणं साधं होतं. कीबोर्ड दूर असतो, ढोलकीचा सूर गर्दीत बुडतो, पण मागून बेसचा सूर स्वच्छ आला तर तिला त्यावर उभं राहता येतं. मग ओरडावं लागत नाही.

मी हातगाडीवर जुने पंखे गोळा करत मोठा झालो. आज मलकापुरात माझं जुन्या मोटारी आणि पंपांचं दुकान आहे. शिक्षण सांगण्यासारखं नाही. भाव करणं ही एकच विद्या मी शिकलो आणि ती मला चांगली येते असं मी मानत होतो. ॲम्प्लिफायर मी आधीच जुना मिळवला होता. त्याला जोडायला फक्त पेटी हवी होती. ताई म्हणाली, "मी येते संगं. तुम्ही भाव पाहा, मी सूर पाहते."

आम्ही गेलो ते दुकान साउंडच्या सामानाचं होतं. मी "बेसची पेटी" म्हणताच दुकानदार आम्हाला सरळ अठरा इंची डब्याकडे घेऊन गेला. डीजेला लागतो तोच. मी गिटार जोडून वाजवली. काउंटरवरची काच थरथरली. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. ताईनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "याच्यात नुसता धक्काच हाय भाऊ. कोणता सूर वाजवून राह्यले ते समजतच नाही."

मग कोपऱ्यात, वर चिकटवलेलं कार्पेट फाटलेली, जाळी चेपलेली एक पेटी दिसली. दहा इंचाचे चार स्पीकर होते तिच्यात. कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची असावी. मी तिचं प्लायवूड ठोकून पाहिलं, भरीव होतं. जोडली आणि तेच वाजवलं. धक्का कमी होता, पण प्रत्येक सूर वेगळा, दाण्यासारखा मोकळा येत होता. ताईनं त्यावर हळूच एक ओळ गुणगुणली. इतकी हळू की दुकानात पंख्याचा आवाज त्याहून मोठा असेल. "याच्यात मले सूर भेटते," ती म्हणाली. "हेच घ्या."

तिथं गोष्ट संपायला हवी होती.

दुकानदारानं चार स्पीकरच्या पेटीचा भाव सांगितला. मी निम्मा बोललो. तो हसला. "शेठ, ही ऑर्केस्ट्राची पेटी हाय, भंगार नोहे." भंगार हा शब्द त्यानं मला ओळखून वापरला की सहज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं डोकं मात्र तापलं. मी माझी नेहमीची चाल खेळलो. नको असलेल्या मालाला हात घालायचा, त्याचा हास्यास्पद भाव बोलायचा, दुकानदाराला नकार देऊ द्यायचा आणि तो नकार देऊन ओशाळला की हव्या त्या मालाकडे वळायचं. अर्धं आयुष्य मी असंच खरेदी करत आलोय.

मी अठरा इंची डब्यावर हात ठेवला आणि एक भाव बोललो. इतका कमी, की बोलताना मलाच लाज वाटायला हवी होती.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं. "चाला, घेऊन जा," तो म्हणाला. "सकाळची बोहनी हाय."

आमच्या जुन्या मालाच्या धंद्यात नियम असा, की गिऱ्हाईक तोंडानं भाव बोललं आणि समोरचा 'घेऊन जा' म्हणाला, की माल गिऱ्हाइकाचा. त्यातही बोहनीला, दिवसाच्या पहिल्या विक्रीला, मागं फिरणं म्हणजे दुकानदाराचा दिवस नासवणं. मी स्वतः माझ्या दुकानात माणसं या नियमात अडकवलेली आहेत. पंप नको म्हणणाऱ्याच्या गाडीवर पंप चढवून दिलेला आहे, त्याचाच शब्द त्याला ऐकवून.

"भाऊ, आपल्याले हे नाही पाहिजे," ताई म्हणाली.

"बोलून गेलो मी ताई."

"मंग काय झालं? नाही पाहिजे म्हना."

दुकानात आणखी दोनतीन गिऱ्हाइकं होती. त्यांतला एक मला ओळखत होता, तो बघत होता. मी म्हणालो, "धंद्यातलं तुम्हाले काय समजते ताई? बोली म्हणजे बोली." आवाज चढला होता माझा. ताई बाहेर जाऊन भाड्यानं आणलेल्या ॲपेच्या सावलीत उभी राहिली. आम्ही डबा चढवला आणि देऊळघाटला तिच्या घरापर्यंत ती समोर ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागे, डब्याला धरून.

पुढचे काही दिवस मी स्वतःला समजावत होतो. सौदा तर स्वस्तात झाला. धक्का आहे, लोकांना धक्काच हवा असतो. ॲम्प्लिफायरचं बटण फिरवून सूर काढता येईल. ढोलकीवाल्यानं सरावाच्या खोलीत डबा पाहिला आणि म्हणाला, "बेसची पेटी आनली का कोठी? गहू किती मावते याच्यात?" सगळे हसले. ताईही थोडी हसली. मी त्याला म्हणालो, "तुझी ढोलकी मावते, तुझ्यासकट." सरावात आवाज कमीच ठेवतात, त्यामुळे तिथं काही कळलं नाही. किंवा कळलं आणि मला कोणी सांगितलं नाही. माझ्या तोंडाला सगळे घाबरतात.

रोहिणखेडला संध्याकाळचा कार्यक्रम होता. मी डबा ताईच्या बरोबर मागे ठेवला. पहिल्या गाण्याला मी तार छेडली आणि समोर बसलेली माणसं चमकून माझ्याकडे पाहू लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागची पोरं उठून नाचायला लागली, आणि ती माझ्या ठोक्यावर नाचत होती. मला देऊळघाटचा साउंडवाला आठवला. तो इथं असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

दुसऱ्या गाण्यात ताईनं एक बोट कानात घातलं. गाणारी माणसं स्वतःचा सूर शोधायला असं करतात. तिसऱ्या गाण्यात तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि तळहात खाली दाबून दाखवला. आवाज कमी करा. मला ते समजलं होतं. नंतर मी सांगितलं की मला वाटलं ठेका धीमा करायला सांगतेय, ते खरं नाही. मला समजलं होतं. मी बटणापर्यंत हात नेला आणि परत आणला. पोरं नाचत होती.

सूर सापडेना तशी ती वर चढत गेली, जोर लावून, ओरडून. ज्याची डॉक्टरनं भीती घातली होती तेच. अंतऱ्याच्या वरच्या ओळीला तिचा आवाज फाटला. कापडासारखा, मधोमध. तिनं माइक बाजूला केला. कोरसनं ओळ उचलली, लोकांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे. पुढची सगळी गाणी कोरसनं आणि कीबोर्डवाल्यानं ओढून नेली. डब्याचं बटण मी तेव्हा कमी केलं.

कार्यक्रम संपल्यावर ती विहाराच्या ओट्यावर कोमट पाणी घेऊन बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिचा आवाज नुसता श्वास झाला होता.

"आज तुम्ही ऐकू आले भाऊ," ती म्हणाली. "मीच नाही ऐकू आली."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो आणि मोकळा झालो असतो.

डॉक्टरनं तिचं बोलणंच बंद केलं. अंगणवाडीत ती पाटीवर लिहून आणि हातवारे करून पोरांना सांभाळते असं ऐकलं. मी घरी जाऊन विचारायचं टाळलं. तिच्या नवऱ्याला फोन करायचो आणि कसं आहे विचारून ठेवून द्यायचो.

मग मी डबा ॲपेत घालून त्या साउंडच्या दुकानात परत नेला. दुकानदारानं तो उतरवताना पाहिला आणि आतूनच म्हणाला, "काय शेठ, बोली तुमचीच होती ना?"

"हो."

"मागं फिरता काय?"

"फिरतो."

त्यानं मला दुसऱ्यांदा बोलायला लावलं. "काय म्हनले?"

"फिरतो म्हणलं. चार स्पीकरवाली द्या. तुमचा भाव काय असेल तो." कोपऱ्यातून कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही. त्या दुकानदारावरचा माझा राग गेलेला नाही, हेही लिहून ठेवतो. माझी चाल त्याला पहिल्यापासून कळली होती. ताईनं कोणती पेटी निवडली ते त्यानं ऐकलं होतं, तरी त्यानं 'घेऊन जा' म्हटलं. पण तिचा तळहात त्यानं पाहिला नव्हता. तो मी पाहिला होता.

बोलायची परवानगी मिळाल्यावर ताई सरावाला आली. नवी पेटी पाहिली, तिच्या चेपलेल्या जाळीवरून हात फिरवला, बरं झालं म्हणाली. मी वाजवायला लागलो. सूर मोकळे येत होते, आणि ती हळू गात होती, ओरडायची गरजच नव्हती. अंतरा आला. वरच्या ओळीला ती पोहोचली नाही. पुन्हा घेतली, पुन्हा खालीच राहिली. ढोलकीवाला थांबला.

"पट्टी उतरवा लागते," ती म्हणाली. "दोन घरं खाली घ्या भाऊ."

ही पट्टी तिची होती. तिच्याच गळ्यामुळे आम्ही सगळी गाणी तिथं बसवली होती. गिटारच्या दांडीवरची दोन घरं उतरली की गाणं जड होतं, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"एक घेऊन पाहू ताई," मी म्हणालो. "एकात भागन."

"दोन."

"आजच्या दिवस एक घेऊ. मंग पुढच्या खेपेले—"

"गळा माझा हाय भाऊ," ती म्हणाली. "याच्यात घासाघीस नका करू."

मी बोट दोन घरं खाली सरकवलं आणि तो सूर वाजवला. ढोलकीवाल्यानं ढोलकी मांडीवर आडवी घेतली आणि तिचा सूर उतरवायला लागला.