निकालाआधीचं गोंदण
खोबरेल तेलात हळद गरम झाल्याचा वास आला, की माझा डावा हात अजून आपोआप पुढे होतो. बी.ए.ची परीक्षा देऊन मी घरी आले होते. लग्न ठरायच्या आधी पोरीच्या हातावर गोंदण हवं, म्हणून आई मला दिंडोरीहून पंचवटीत घेऊन आली. घाटावर गोंदणारी बाई काजळीत सुया बुडवून बसली होती. आईने तुळस काढायला सांगितली. "मेल्यावर गोंदणच संगं येतं, बाकी समदं हितंच ऱ्हातं," आई म्हणाली. मी म्हटलं, मग बी.ए. गोंदा. "अगं, निकाल लागायचा हाय. हे पुसता येत नाय," तिने अडवलं. मी ऐकलं नाही, घराण्यात पहिली शिकलेली, ताठा होताच. बाईला वाचता येत नव्हतं. मी कागदावर काढून दिलेली अक्षरं बघून तिने विचारलं, "नवरा का गं ह्यो?" आणि हसत सुई टोचली. घरी आई रोज हळद-तेल लावायची, साबण लागू द्यायची नाही. खपली पडली त्याच आठवड्यात निकाल आला. मी इंग्रजीत नापास झाले होते. तसल्या उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून मी चार दिवस कोपऱ्यात बसले. शेवटी आई तेलाची वाटी घेऊन आली, माझी बाही वर सारली आणि म्हणाली, "लग्नाचं मागनं बघू. हातावर लिवलंय ते आधी खरं कर." ऑक्टोबरला मी पास झाले. आता पदवीचा कागद कपाटात पिवळा पडलाय. कुणी शिक्षण विचारलं, तर मी बाही वर करते.