खालून वर जहाज दाखवणारे नेरूरकर

श्री. प्रभाकर नेरूरकर यांची आणि आमची ओळख सिंगापुरात, बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत झाली. आमचे मराठी बोलणे ऐकून ते चहाचा कप घेऊन आमच्या टेबलाशी आले आणि नाव सांगण्याआधीच, रविवारी जुने जहाज पाहायला येणार का, असे विचारू लागले. मरीन इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यापासून, जतन केलेले एखादे जहाज बंदरात लोकांसाठी खुले झाले की ते मराठी कुटुंबांना घेऊन जातात.

जहाज खालून वर पाहायचे, ही त्यांची पद्धत. सुकाणूपाशी फोटो काढायला सगळेच धावतात. नेरूरकर आधी इंजिनरूममध्ये नेतात. एकदा एक मुलगी कुरकुरली, "अंकल, सो हॉट लाह." ते म्हणाले, "म्हणूनच आधी आणलं. आता वरची हवा जास्त आवडेल."

माझी पत्नी सुनंदा हिचे वडील बोटीवर इंजिनात कामाला होते. वर्षातून एकदा घरी येत, तेव्हा मुलींना ते सतत रागावलेलेच वाटत. आपण त्यांना नकोशा होतो, हे तिच्या मनातून पन्नाशीनंतरही गेले नव्हते. ते काम करत तशी जागा तिला एकदा पाहायची होती. पण योग आला तेव्हा आजारपणामुळे तिला खडा जिना उतरवेना. नेरूरकरांनी वरच्या दाराशी तिच्यासाठी खुर्ची मिळवली आणि स्वतः खाली उतरून, चालू इंजिनाच्या आवाजात, एकेक भाग तिला ओरडून सांगितला.

ते वर आल्यावर सुनंदाने हसत विचारले, "भाऊजी, रागावला होतात का?"

"छे हो, वहिनी. खाली असंच बोलावं लागतं, मग तीच सवय लागते. मी घरी मीठ मागितलं तरी आमची लेक रडायची."

"सगळ्यांचंच असं होतं?"

"खाली काम केलेल्या बहुतेकांचं."

परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, ती म्हणाली, "अहो, बाबा रागावलेले नसायचे." घरी पोचताच तिने चिपळूणच्या बहिणीला फोन लावला. पुढे शेवटपर्यंत ती वडिलांविषयी मोकळेपणाने, हसून बोलत असे.

सुनंदा गेल्यापासून आमच्या घरात बोलणे कमीच. रविवारी सकाळी नेरूरकरांचा फोन येतो, तो कानापासून जरा लांब धरावा लागतो. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त मी एवढेच मागतो, की त्यांना उत्तम आरोग्य लाभो आणि तो आवाज आम्हां सर्वांना आणखी पुष्कळ वर्षे असाच मोठ्याने ऐकू येवो.