आत्यासाठी सुसरगृह

एसटी स्टँडवर किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. गाडी लेट, प्रवासी तापलेले आणि चहा गार! मग माणसं बोलणार नाहीत तर काय करणार? पण जुन्नर स्टँडवर आमच्या टोळक्यानं सगळ्यात जास्त चघळलेला विषय गाड्यांचा नव्हता. तो होता माझ्या आत्याचा.

एसटी नवी होती तेव्हाची गोष्ट. मी कंडक्टर. मी रांगत होतो तेव्हाच आई गेली, आणि आळे गावच्या माझ्या विधवा आत्यानं मला वाढवलं. म्हातारपणी ती गोठ्यात पाय घसरून पडली, खुबा मोडला. मी तिला जुन्नरला माझ्या घरी आणलं. आमचं बिऱ्हाड माडीवर, आणि मी निम्मे दिवस मुक्कामाच्या गाडीवर. तिला उचलायचं, कुशीवर वळवायचं, सगळं माझ्या बायकोनं, सरूनं एकटीनं. शेवटी सरूचीच कंबर धरली. आता दोघींना उचलणार कोण?

त्याच सुमारास गावाबाहेर एका डॉक्टरांनी कौलारू घर घेतलं आणि आजारी माणसं सांभाळायची सोय काढली. घरचं माणूस परक्यांच्या हवाली करायचं! असलं काही आम्ही बघितलंच नव्हतं. त्यामुळे संशय आधी आला, चौकशी नंतर.

*

संशयाची सुरुवात पाटीपासूनच झाली. डॉक्टरांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शुश्रूषागृह'. आता हा शब्द स्टँडवर कुणाच्या जिभेवर वळणार? कुणी 'सुसूसागृह' म्हणे, कुणी 'सासुरगृह'. शेवटी सगळ्यांना सोपं पडलं ते 'सुसरगृह'!

ते आत्याच्या कानावर गेलं. मी कामावरून आलो तर ती तोंड भिंतीकडं करून पडलेली.

"दत्तू, मी तुला काय कमी केलं व्हतं रं?"

"काय झालं आत्या?"

"मला सुसरीच्या घरात टाकतोस व्हय?"

मी समजावलं, की तिथं सुसर नाही, डॉक्टर आहे. आत्या म्हणाली, "सुसर बरी. ती एका घासात सोडवती तरी!"

*

आमच्या टोळक्यात ड्रायव्हर इस्माईलभाई म्हणजे वजनदार माणूस. जुन्नरचाच. गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा. तो म्हणाला, "दत्तूभाऊ, बाहेरून बघून काय कळतंय? आत शिरून बघायला पायजे. मी पेशंट बनतो!"

आणि गेला की राव पोट धरून! डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघितली, आणि एरंडेलाची वाटी पुढं केली. आता नाही म्हणावं तर सोंग उघडं पडणार. इस्माईलभाईनं डोळे मिटून पिऊन टाकलं!

दुसऱ्या दिवशी स्टँडवर आला तो भिंत धरून.

"काय इस्माईलभाई, खाटा कशा आहेत?"

"खाटेचं सांगता येणार न्हाई. तिथं टेकायला मिळालंच न्हाई. पण संडास एकदम फर्स्टक्लास!"

*

स्टँडवरच्या कॅन्टीनचा मालक बबन. त्याला एरवीही प्रत्येक गोष्टीत मरणच दिसायचं. त्यानं येऊन सांगितलं, "सुसरगृहातून रोज सकाळी एक बैलगाडी निघती. वरून पांढरं झाकलेलं असतंय. रोज एक जातंय!"

मी म्हटलं, "बबनराव, खात्री करा."

बबन सकाळी फाटकाशी जाऊन उभा राहिला. गाडी निघाली. वर पांढरं, आत काहीतरी लांबट. बबननं टोपी काढली, हात जोडले आणि मान खाली घालून गाडीमागं चालू लागला. रस्त्यात दोघातिघांनी बघितलं, तेही टोप्या काढून मागं लागले. सगळे गेले कुकडी नदीच्या काठावर. गाडी थांबली. गाडीवानानं पांढरं बाजूला केलं, तर आत चादरींची गाठोडी!

गाडीवान परीट होता. त्यानं या सगळ्या उतरलेल्या चेहऱ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "पावणं, आता आलाच हाय तर चार चादरी पिळू लागा!"

*

मग मी स्वतः गेलो, भेटायच्या वेळेला. बघतो तर सगळं लखलखीत. चादरी कडक, म्हाताऱ्यांचे भांग पाडलेले, कोपऱ्यात उदबत्ती. माझा संशय दुप्पट झाला! चेकर येणार असला की आमची गाडीपण अशीच दिसते.

घोडेगावचे एक म्हातारबुवा खाटेवर बसले होते. जवळच शांताबाई सिस्टर उभ्या, नगरकडच्या, उंच, कडक इस्त्रीच्या. मी विचारलं, "बाबा, जेवण कसं असतंय?"

बुवांनी सिस्टरकडं बघितलं. "लई चांगलं."

मी सिस्टरना पाणी आणायला पाठवलं आणि वाकून म्हटलं, "आता खरं सांगा."

बुवांनी दाराकडं बघून माझा कान जवळ ओढला. "मीठ न्हाई ओ भाजीत! पण बोलू नका. डॉक्टरची बायको सोता रांधती. मागं एकानं सांगितलं तर बिचारी रडली."

*

सरूला माझ्या बघण्यावर भरवसा नव्हता. कंबरेला फडकं बांधून ती भर दुपारी गेली, न कळवता. डॉक्टरांना भेटली नाही, पाटी बघितली नाही. सरळ एका म्हाताऱ्या बाईच्या खाटेशी गेली, गादीचा कोपरा उचलला आणि नाक लावलं.

"काय करताय हो?" शांताबाई धावत आल्या.

"वास घेते."

"गादी ओली लागेल जरा. आत्ताच माझ्या हातून पाणी सांडलं."

सरू म्हणाली, "बाई, मग पाण्याचा वास यायला पायजे!"

शांताबाईंचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी वाद घातला नाही. पदर खोचला, त्या म्हाताऱ्या बाईला उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवलं, तिचं अंग पुसलं, गादी उन्हात टाकली. सरू उभी राहून बघत होती. घरी आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"खोटं बोलती," सरू म्हणाली. "पण उचलती मात्र फुलासारखं."

*

शेवटी कंबर धरून वावरणाऱ्या सरूकडं बघून आत्याच म्हणाली, "मला न्या. आठवडाभर ऱ्हाते. न्हाई पटलं तर माघारी आणायचं." तिला सोडून निघालो तेव्हा तिनं माझा हात असा आवळला, की बोटं सोडवताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर मी कुणाला तिकीट दिलं आणि कुणाला नाही, देव जाणे!

आठवडा संपला. मी टांगा घेऊन गेलो, सरूही बरोबर. म्हटलं, "चल आत्या, घरी."

आत्या म्हणाली, "थांब. असं कसं येऊ? तुमी समद्यांनी हे घर बघितलं. आता ही शांताबाई तुमचं घर बघून येईल, मग ठरवू."

मला वाटलं चेष्टा करते आहे. पण शांताबाई खरंच चपला घालून निघाल्या! त्याच टांग्यातून आमच्याकडं आल्या. जिना चढून बघितला, मोरी बघितली, आत्याची खाट कुठं होती ते विचारलं. सरूची कंबर चेपून बघितली, तेव्हा सरू कळवळली. चहा घेतला. सगळं हसून, गोड बोलून. आम्ही दोघं मात्र भिंतीला पाठ लावून उभे, परीक्षेला बसल्यासारखे.

परत गेलो. आत्या वाटच बघत होती. आमच्या देखतच तिनं विचारलं, "कसं काय हाय गं?"

शांताबाई म्हणाल्या, "जिना उभा आहे, आई, आणि सूनबाईंची कंबर अजून दुखतेच. माणसं फार चांगली आहेत. जीव आहे त्यांचा तुमच्यावर. पण भारी संशयी हो!"

आत्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सरूकडं. मग उशी नीट करून घेतली.

"संशयी न्हाईत, बाई," ती म्हणाली. "माझ्यावर गेल्यात. दत्तू, टांगा सोड. मी हितंच ऱ्हाते!"