सासऱ्यांच्या डोक्यावर पाय

मी आणि माझे सासरे, आम्ही दोघं दोराला लटकून इमारती धुतो. काचा, पत्रे, रंग, गळती, बाहेरून जे काय असेल ते. हे काम मला त्यांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला दोर बांधला, दोराला फळी बांधली, दोराच्या पाया पडले आणि म्हणाले, "बसा जावई." माझं नवीन लग्न झालेलं, नाही म्हणायची सोय नव्हती. दोर एकच, तोही ट्रकवरची ताडपत्री आवळायचा. हेल्मेट घालायचं ते फक्त मोटरसायकलवर, आणि तेही कोन गावच्या नाक्यावर हवालदार उभा असला तर. अशी बरीच वर्षं काढली आणि मेलो नाही, म्हणून आम्हाला वाटायचं की आम्हाला काम येतं.

मग दापोड्याला एका मोठ्या गोडाऊनचं काम आलं. पुढे काचेचं ऑफिस, मागे उंचच उंच पत्र्याच्या भिंती. तिथल्या सेफ्टी साहेबाने आमची फळी पाहिली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि आम्हाला गेटच्या बाहेर काढलं. ट्रेनिंग करा, परीक्षा द्या, सर्टिफिकेट आणा, मग लटका. आणि वर एक अट. एका भिंतीवर माणसं दोन, आणि दोघंही पास झालेली. एक वर बेशुद्ध पडला तर दुसऱ्याने त्याला खाली आणायचं. म्हणजे एक नापास झाला की दोघं घरी.

आता माझ्यासारख्याला घरी बसवलं तर मी कुठल्याही टेम्पोवर क्लीनर म्हणून चढेन. मामांचं तसं नव्हतं. मामा म्हणजे सासरे, मी त्यांना मामाच म्हणतो. त्यांच्या वयाचे गावातले बहुतेक लोक जमिनी विकून नाक्यावर बसलेत, आल्यागेल्याच्या गाड्या मोजत. मामांना त्या नाक्याची भिंतीपेक्षा जास्त भीती. "मी तिथं बसनार न्हाय," म्हणाले, "त्यापेक्षा शिकीन." या वयात ज्याला बापजन्मी कोणी शिकवलं नाही तो माणूस वर्गात बसायला निघाला, म्हणून मलाही जावं लागलं.

वर्ग म्हणजे रिकामं गोडाऊन आणि त्यात लोखंडी सांगाडा उभा केलेला. ट्रेनर माझ्यापेक्षा लहान, हिंदीत बोलणारा, फार नम्र. पहिल्याच दिवशी त्याने दोन दोर दाखवले, एक कामाचा आणि एक जिवाचा. मामांनी विचारलं, "दोन कशाला? एकावर भरवसा न्हाय का?" तो म्हणाला, "दोरी पे है चाचा, बाँधनेवाले पे नहीं." मामा चहापर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. मग अंगावर पट्ट्यांचा तो हार्नेस चढवला. मांडीत पट्टा, कमरेला पट्टा, छातीवर पट्टा, वरातीतल्या घोड्याला सजवतात तसे मामा सजले, आणि लाजलेसुद्धा.

चढणं, उतरणं, गाठी, सगळं जमलं. गाडी अडली ती रेस्क्यूला. त्यात एकाने बेशुद्ध पडल्यासारखं लटकायचं. दुसऱ्याने त्याच्यापर्यंत जायचं, त्याला आपल्या हार्नेसला अडकवायचं, त्याचा दोर सोडवायचा आणि त्याचं वजन घेऊन खाली यायचं. तो तुमच्या पायांच्या बेचक्यात लोंबतो. म्हणजे तुमचे पाय कुठे येतात, ते सांगायला नको. आणि उतरताना एका हाताने दोर सोडणाऱ्या यंत्राचा दांडा दाबायचा, दुसऱ्या हाताने दोराचं खालचं टोक धरायचं. तो हात काय वाट्टेल ते झालं तरी सुटता कामा नये.

मी मामांना घेऊन निघालो. थोडा खाली आलो आणि माझा बूट मामांच्या डोक्याला लागला.

आता मोठ्या माणसाला पाय लागला की आपण काय करतो? विचार करत नाही. आईने लहानपणीच पाठीत धपाटे घालून ती सवय हाडात बसवलेली असते. माझा हात दोर सोडून सरळ मामांकडे गेला, तिथून माझ्या छातीकडे. दुसरा हात दांड्यावर तसाच दाबलेला. आम्ही दोघं सर्रकन खाली घसरलो आणि दुसऱ्या दोरावरच्या कुत्र्याने, म्हणजे त्या पकडणाऱ्या यंत्राने, गचकन धरलं. बेशुद्ध माणसाने तेव्हा जी शिवी घातली ती मी इथे लिहीत नाही, माझी बायको वाचते.

ट्रेनर म्हणाला, परीक्षेत असं झालं तर सरळ फेल. मी पुन्हा केलं. पुन्हा पाय लागला, पुन्हा नमस्कार. ट्रेनरला आधी वाटलं मी मस्करी करतोय, मग त्याला कळलं की मला आवरतच नाही. त्याने जोडीदार बदलून बघितला. नारपोलीचा एक पोरगा होता, त्याच्या नाकावरसुद्धा पाय पडला माझा, आणि माझा हात जागचा हलला नाही. पण पुढे कामावर माझ्याबरोबर भिंतीवर मामाच असणार होते, तो नारपोलीवाला नाही.

जेवताना मामा भडकले. डबा बाजूला सारला. "पाया पडायचं तं जमिनीवर पडा, जावई. लग्नात पडलाव, दिवालीला पडता, भरून पावलो. वरून मला जित्ता खाली आना." मी म्हणालो, मामा, हात आपोआप जातो. ते म्हणाले, "मंग हात तोडून ठेवा घरी." मला राग आला आणि रडूही आलं, कारण तो माणूस माझ्यामुळे नाक्यावर बसणार होता.

परीक्षा घ्यायला बाहेरचा साहेब आला. त्याला हसायचा परवाना नसावा. मी मामांना अडकवलं, सोडवलं, निघालो. बूट त्यांच्या कानावर बसला. हात उसळला. मी दोरावरची मूठ अशी आवळली की नखं हातमोज्यातून टोचली. तोंडाने म्हणालो, "माफ करा मामा," आणि त्यांच्या खांद्यावर पाय रोवून त्यांना जमिनीपर्यंत आणलं. साहेबाने मान हलवली. मी पास.

मग मामांची पाळी. मी वर लटकलो, मान टाकली, डोळे मिटले. मामांचा गुडघा दुखरा, त्यांना चढायला वेळ लागत होता. माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. खरंच काही कळेनासं होतंय की काय, असं वाटायला लागलं. इतक्यात त्यांचा धापा टाकणारा श्वास कानाशी आला. हुक माझ्या छातीवर खणखणत होता, काही केल्या लागत नव्हता.

"डोलं उघड," ते हळूच म्हणाले. बेशुद्ध माणसाने उघडायचे नसतात, मी उघडले नाहीत.

"उघड रं बाला. मान अशी टाकू नको." त्यांचा हात माझ्या मानेखाली आला. "पोरीला काय सांगू मी? मला पोरगा न्हाय रं. तूच हायस."

हुक लागला. ते मला घेऊन उतरले, अगदी सावकाश, सगळा वेळ काहीबाही पुटपुटत, आणि त्यांचा पाय मला एकदाही लागला नाही. पाठ जमिनीला टेकली. साहेब म्हणाला, "चाचा पूरे टाइम कॅज्युअल्टी से, मतलब बेहोश आदमी से, बात करते रहे, बहुत अच्छा. बाकी लोग भूल जाते हैं. पास."

मामा पाठ करून हार्नेसचे पट्टे सोडत बसले. ट्रेनरने मला दोनदा उठ म्हटलं. मी आणखी थोडा वेळ बेशुद्धच राहिलो. डोळे उघडले असते तर सगळ्यांना दिसलं असतं.