नमुन्याच्या कॅसेटीतला सैतान

सैतानाच्या ओळी पुरुषानंच म्हणायच्या, असं आमच्या ताफ्यात आधी ठरलं होतं. पण एकाच्याही गळ्यातून सैतान निघेना.

नामांतराच्या सालांतली गोष्ट. आमी वालूरकडचे ख्रिस्ती. लग्नातलं वाजवणं सोडून प्रभूची गाणी धरली, पण वाजवायचो तसंच, ऐकणाऱ्याची छाती हादरंल असं. हलग्या, सनई, पेटी आणि एक बारका कॅसिओ, त्यातून ढीगभर सारंग्या एकदम वाजल्यासारख्या वाटायच्या. ताफा माझ्या साडूचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. गाणी तोच जोडायचा. मोठं गाणं सैतान पळवून लावायचं होतं. प्रभू एक ओळ म्हणतो, सैतान गुरगुरून दुसरी. परभणीचा एक कॅसेटवाला म्हणाला होता, नमुन्याची कॅसेट करून आणा, आवडली तर काढू.

साडू गुरगुरायला लागला की त्याला खोकलाच यायचा.

माझ्या बायकोच्या अंगात पूर्वी देवी यायची. बाप्तिस्मा घेतला आणि ते थांबलं. पण तो घोगरा आवाज पोटात कुठून काढायचा, हे तिला ठाऊक होतं. साडूलाही ठाऊक होतं. एक दिवस तो आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"आक्का, तेवढ्या चार वळी तुमी म्हना."

"येडा झालास का? ते सोडलंय मी."

"अंगात आना कुठं म्हनायलोय? नुस्ता आवाज. प्रभूच्याच कामाला लागंल."

"आन उद्या कुनी इचारलं तर?"

"मी हाय ना. सांगतो, मीच म्हनायला लावलं."

परभणीला निघालो तर बंदमुळं वाटेतल्या एका फाट्यावर गाड्या अडलेल्या. हलग्या डोक्यावर धरून उन्हात बसलो. ही म्हणाली, "बघा, सैतानालाबी यष्टी मिळंना." सगळा ताफा हसला. साडू सगळ्यात जास्त.

दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. हलगीवाल्यांना आवाज जास्त होतो म्हणून दारात उभं केलं. हिनं डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि त्या ओळी काढल्या. मशीनवाल्यानं कानातलं काढून तिच्याकडं बघितलं. ओळी संपल्या तशी ती हसली आणि पाणी मागितलं.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर साडूनं ती कॅसेट सगळ्यांना ऐकवली. सैतान बोलला तशी एक म्हातारी उठली. "हा देवीआईचा आवाज हाय. हिच्यातली गेली न्हाई अजून."

पाळकांनी साडूला विचारलं, हे कुणी सांगितलं म्हणायला?

"मी न्हाई," साडू म्हणाला. "तिच्या तोंडून आपसूक निघालं. मीबी भ्यालो."

मी उठलो. म्हणालो, खोटं बोलायलाय, माझ्या ओसरीवर बसून गळी पडला होता. पाळक म्हणाले, नवरा बायकोचीच बाजू घेणार. ताफ्यातल्यांकडं बघितलं, ते माना खाली घालून बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि ती मोकळी होईपर्यंत प्रभुभोजनाची भाकर बंद झाली. ती रडली नाही. साडूकडं बघत राहिली.

कॅसेट निघाली. सैतानाच्या ओळी साडूनं स्वतः म्हटल्या होत्या, हिचीच ऐकून ऐकून घोटून. नाताळात लोक त्याची पाठ थोपटायचे, काय गळा हाय म्हणून.

पुढं पाळक बदलले, नव्यांनी बंदी उठवली. पण ही भाकरीला उठली नाही ती नाहीच. गाणंही गेलं. भाकऱ्या थापताना गुणगुणायची ती बाई, मुकी झाली. अधनंमधनं मला विचारायची, "आवो, तवा मीच व्हते ना? दुसरं कुनी नव्हतं ना?"

"तूच होतीस."

"नक्की?"

मरायच्या आदल्या दिवशीही तिनं हेच विचारलं. तिला मी किती सांगितलं तरी साडूचा तो एक शब्द माझ्यापेक्षा जड पडला.

मातीला साडू आला. पांढरा सदरा घालून प्रार्थनेला उशाशी उभा राहिला. मी म्हणालो, "तू न्हाई. बाजूला हो." तो झाला बाजूला.

तेवढ्यात त्याची बायको, माझी मेहुणी, माती टाकायला वाकली. माझ्या कानाशी म्हणाली, "दाजी, मला ठावं व्हतं. तुमच्या ओसरीवर यायला हे घरून तेच ठरवून निघाले व्हते, आक्काकडून म्हनून घ्यायचं म्हनून."

त्या रविवारी तीही बायकांत बसली होती, हिच्या मांडीला मांडी लावून.

मी माती टाकत राहिलो.