पिंपातली उणी जागा

फ्रान्समधल्या ज्युरा डोंगराच्या उतारावरच्या आमच्या गावात सोलांज बुव्हरेचं तळघर नाकानंच सापडतं. दारातच ओल्या अक्रोडाचा वास येतो. साव्हान्यां द्राक्षांची पांढरी वाइन ती पिंपात घालते आणि मग सहा वर्षं तिच्या वाटेला जात नाही. वाइन हळूहळू आटते, पिंप उणं होतं आणि त्या उण्या जागेत पातळ, राखाडी साय धरते. त्या सायीखाली वाइन सोन्यासारखी पिवळी होते. पॅरिसात या वाइनचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. सोलांज म्हणते, "त्यांचं नशीब."

गेल्या हिवाळ्यात खुबा मोडून सोलांज दवाखान्यात पडली. तळघर जावयाच्या, गॉतिएच्या हाती आलं. तोही पिढीजात द्राक्षवाला, पण बर्गंडीचा. तिकडे उणं पिंप म्हणजे घराची अब्रू गेली. त्यानं मायेनं एकेक पिंप तोंडोतोंड भरलं. कोपऱ्यातल्या एका पिंपापुरती वाइन उरली नाही, म्हणून तेवढं होतं तसं राहिलं.

काठी टेकत सोलांज घरी आली, ती थेट तळघरात. बूच काढून तिनं आत पाहिलं.

"जावईबापू, साय कुठंय?"

"काढली की, आई! बुरशी धरली होती सगळीकडं."

"ऐकलंस, ओदील?" सोलांज लेकीकडे वळली. "दुधावरची साय फेकणारा नवरा केलास गं!"

गॉतिएचा चेहरा उतरला. ही साय सोलांजच्या आजीपासून या लाकडात नांदत होती. ती गेली तर तळघराचं नावच गेलं.

"आई, साधी पांढरी म्हणून विकून टाकू. आमच्याकडं खपेल."

"या दारातून साधी कधी गेलेली नाही. घागर आण."

तिनं प्रत्येक पिंपातून घागरभर वाइन काढवली. मग कोपऱ्यातल्या पिंपातली साय लांब दांड्याच्या चमच्यानं अलगद उचलली आणि सगळीकडे विरजणासारखी सोडली.

"आता वेलींना फुलोरा येईपर्यंत कुणी श्वाससुद्धा टाकायचा नाही इथं."

फुलोरा आला. त्याच दिवशी गॉतिएचे वडील पाहुणे आले होते. तळघरात बूच निघालं. गॉतिए कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. आत राखाडी, अखंड साय होती.

म्हातारा डोकावला. "अरे, हे उणं आहे! भर की!" म्हणत त्यानं घागरीला हात घातला.

गॉतिएनं पिंपाच्या तोंडावर तळवा ठेवला.

"बाबा, घागर खाली ठेवा. आमच्यात भरत नाहीत."

त्या 'आमच्यात'वर सोलांजची मान ताठ झाली. ती जुनी बाटली आणायला वळली. काठी तिथंच भिंतीला टेकून राहिली.